पिवळ्या रेघेवरच्या चपला

१

"आमची रुचिका शाळांचे कॉम्प्युटर सांभाळते," असं आई अख्ख्या चिखले गावात सांगत फिरते. त्यामुळे लोक माझ्याकडे बंद पडलेले मोबाइल आणतात, चार्जर आणतात, एकीने तर मिक्सरही आणला होता. तुझं नक्की काम काय, असं कोणी विचारलंच तर मी सांगते, नऊ शाळांतली यंत्रं रुसली की त्यांची समजूत काढायची. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मिळून आमच्या संस्थेच्या नऊ शाळा आहेत, आगरला समुद्राकाठी आहे तिथपासून अच्छाडला हायवेलगत आहे तिथपर्यंत. त्या सगळ्यांचे कॉम्प्युटर, इंटरनेट आणि कॅमेरे मी डहाणूच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर बसून बघते. त्या खोलीला सर्व्हर रूम म्हणतात. पूर्वी तिथे खडूचे खोके ठेवत.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक एसी आहे. एसी सर्व्हरसाठी आहे, माझ्यासाठी नाही, याची आठवण आमचे सेक्रेटरी जीवनभाई दर उन्हाळ्यात न चुकता करून देतात.

कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. चपलेच्या धुळीने कॉम्प्युटर बिघडल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही, पण नियम आहे तर आहे. वडपाड्याच्या शाळेत देवजी सरांनी त्याचं शास्त्रच करून टाकलं होतं. कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेर व्हरांड्यात त्यांनी ऑइलपेंटची पिवळी रेघ मारली होती. चपला त्या रेघेवर, जोडीने, टोकं दाराकडे. "बाहेर चपला बघायच्या मॅडम, आत किती मुली ते कळतं," ते म्हणायचे. "हजेरी घ्यायलाच नको."

दुसरी शिस्त उभं राहण्याची. मी कधी वडपाड्याला गेले आणि वर्गात शिरले की सगळ्या मुली एकदम उठायच्या, बाकं फरशीवर करकरायची आणि लांबलचक नमस्ते व्हायचं. एकदा मी तशीच बोलत राहिले, बराच वेळ, आणि सगळ्या उभ्याच. शेवटी पहिल्या बाकावरच्या ठकीने हळूच सांगितलं, "मॅडम, तुमी बसा नाय बोललात." देवजी सर पोट धरून हसले होते. "तुम्ही बसा म्हटल्याशिवाय नाही बसायच्या हो त्या. रात्र झाली तरी."

२

२०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, खाणीत सुरुंग लावला असेल. मग दुसऱ्यांदा हलली, मग मोजणं सोडून दिलं. डहाणू शहरात भांडी वाजायची आणि लोक व्हॉट्सअॅपवर एकमेकांना "जाणवलं का?" विचारायचे. पूर्वेकडे डोंगरातल्या पाड्यांवर मात्र भिंतींना भेगा पडल्या. तिथे आधी आवाज यायचा, जमिनीखालून, घोगरा, आणि मग धक्का. थंडीच्या दिवसांत माणसं घरं सोडून शेतात ताडपत्रीखाली झोपायला लागली.

वडपाड्याच्या शाळेला वसतिगृह आहे. देवजी सरांनी मुलींना पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं आणि मैदानावर तंबू ठोकले. वर्ग आंब्याखाली भरायला लागले. इमारतीला कुलूप लागलं, किल्ली सरांच्या खिशात. कॉम्प्युटर आतच राहिले. व्हरांड्यातला कॅमेरा आणि राउटर सोलरवर चालायचे, त्यामुळे ते तेवढे चालू राहिले. कोणी यूपीएसच्या बॅटऱ्या पळवू नये म्हणून तो कॅमेरा मीच पूर्वी कॉम्प्युटर रूमच्या दाराकडे तोंड करून बसवून घेतला होता.

रोज सकाळी ऑफिसात आले की मी चहा घेत नऊ शाळांवरून नजर फिरवते. वडपाड्याच्या चौकोनात बंद दार, पिवळी रेघ आणि रिकामा व्हरांडा दिसायचा. त्या रिकामपणाची मला सवय झाली होती.

३

जानेवारीतल्या एका सकाळी त्या रेघेवर चपलांचा एक जोड होता.

मला आधी बरंच वाटलं. कोणी तरी कामाला आलं असेल, सर असतील. पण चपला लहान होत्या, मुलीच्या. मी चित्र मोठं केलं. साध्या रबरी स्लिपर, एकीचा पट्टा निळा, दुसरीचा लाल. त्या मी ओळखत होते, साऱ्या शाळेत तशा एकीच्याच होत्या. ठकीचा एक पट्टा तुटला तेव्हा बाजारात निळा मिळाला नाही, म्हणून तिने लाल घातला होता. ठकी नववीत होती आणि टायपिंगमध्ये माझ्यापेक्षा वेगवान. बारा नंबरचा कॉम्प्युटर तिचा, दुसरी कोणी त्यावर बसली की तिचं तोंड फुगायचं.

मी लगेच सरांना फोन लावला. "सर, ठकी इमारतीत शिरलीय. तिला आधी बाहेर काढा, मग काय ते बोला."

"ठकी?" सर म्हणाले. "ती ही काय माझ्यासमोर. गणित सोडवतेय. देऊ फोन?"

फोनवर ठकी आली. मी विचारलं, तुझ्या चपला कुठेत? ती गोंधळली. "पायातच हाईत मॅडम."

"इमारतीत गेली होतीस का?"

"नाय मॅडम. सर मारतील." मग जरा थांबून म्हणाली, "जमीन हालते ना."

मी स्वतःचीच समजूत काढली. कॅमेऱ्याचं चित्र अडकतं, हा रोजचा अनुभव आहे. नेट गेलं की जुनं चित्र तसंच दिसत राहतं, आणि आपण ते आजचं समजून बसतो. पण कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. तेवढ्यात व्हरांड्यात एक शेळी चढली. पाड्यावरच्या शेळ्यांना कुलपाचं सोयरसुतक नसतं. ती रेघेजवळ आली, थांबली, आणि चपलांना वळसा घालून पुढे गेली.

४

दुसऱ्या दिवशी पाच-सहा जोड होते. तिसऱ्या दिवशी रेघ अर्धी भरली. कुणाच्या चपलेला फुलं, कुणाच्या सँडलचा बंद तुटलेला. सगळ्यांची टोकं दाराकडे, जशी आत शिरताना काढलेली असतात तशी. वर्ग सुटला की मुली चपला पायात सरकवून पळतात, रेघ विस्कटते, एखादी चप्पल उलटी पडते. या चपला कधी विस्कटल्याच नाहीत. आत गेलेलं कोणी बाहेर आलंच नव्हतं.

मी सरांना म्हटलं, "जरा व्हरांड्यात जाऊन बघता का? आत जाऊ नका. दाराशी फक्त."

"मॅडम, झोप होते ना तुमची?"

"होते. तुम्ही जा."

ते फोन कानाला लावून गेले, मी इकडे पडद्यावर बघत राहिले. पायऱ्या चढून ते चौकोनात आले, कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. मग रेघेपाशी आले आणि बरोबर चपलांच्या ओळीत उभे राहिले.

"इथे काही नाही मॅडम," ते म्हणाले. "लेंड्या आहेत शेळीच्या."

पडद्यावर त्यांचा बूट एका लहान चपलेवर होता. मला ते स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "सर, एक पाऊल डावीकडे घ्या." त्यांनी घेतलं. बुटाखालची चप्पल तिरकी झाली आणि ओळीबाहेर सरकली.

"पायाला काही लागलं का?"

"काय लागणार? फरशी आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला काय दिसतंय?"

मी सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत, दाराकडे बघत उभे राहिले आणि मग पाठ न वळवता, मागे मागे पावलं टाकत पायऱ्यांपर्यंत गेले. संध्याकाळी घरी निघताना मी पुन्हा चौकोन बघितला. तिरकी झालेली चप्पल कोणी तरी सरळ करून ठेवली होती.

भीती वाटली का? हो, वाटली. भीतीपेक्षा जास्त मला राग आला, कारण मशीन खोटं बोलत नाही यावर माझी रोजीरोटी चालते. मी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, त्याचं सॉफ्टवेअर नवं टाकलं, केबल तपासायला माणूस पाठवला. चित्र आणखी स्वच्छ झालं. आता चपलांवरची धूळसुद्धा दिसायला लागली.

५

फेब्रुवारीत जीवनभाईंनी बैठक घेतली. ज्या कंपनीने वडपाड्याला कॉम्प्युटर दिले, तिचे लोक सोमवारी बघायला येणार होते. इंजिनिअर इमारत बघून गेले होते, भेगा बुजवून चुना झाला होता.

"सोमवारी कॉम्प्युटर रूम उघडायची," जीवनभाई म्हणाले. "सगळ्या मुली मशीनवर बसलेल्या पाहिजेत. फोटो काढायचेत. रुचिकाबेन, नेट फास्ट राहील ना?"

त्या सकाळी मी रेघ बघून आले होते. ती शेवटपर्यंत भरली होती, एक बोटभर जागा उरली नव्हती. बाहेर चपला बघायच्या, आत किती ते कळतं. नववीचा वर्ग अख्खा आत होता. आणि नववीचा वर्ग त्या क्षणी आंब्याखाली बसून मराठीचा धडा वाचत होता, हे मी सरांना फोन करून विचारलं होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा काय जुळलं ते मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. मला एवढंच कळलं की सोमवारी या मुली आत गेल्या तर त्यांच्या चपला तिथेच राहतील. ठकीची पहिली.

"भाई, अजून थोडे दिवस थांबूया," मी म्हटलं. "रोज धक्के बसतायत."

"इंजिनिअर मोठा की तू?"

"मला तिथलं काही बरोबर दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये? सांग ना."

कॅमेऱ्यात चपला दिसतात, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मग मी माझ्या धंद्यातलं ब्रह्मास्त्र काढलं. "भाई, व्हायरस आलाय."

कॉम्प्युटरवाल्याने व्हायरस म्हटलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून 'हं' म्हणावं, तसंच.

"सगळ्या मशीनमध्ये आहे," मी पुढे रेटलं. "चालू केली तर बाकी शाळांत पसरेल, तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा. मला ती डहाणूला आणून साफ करावी लागतील. सोमवारी पाहुण्यांना आंब्याखालची शाळा दाखवा. भूकंपातही शाळा चालू, असा फोटो जास्त चांगला येईल."

जीवनभाईंना फोटोची गोष्ट पटली. शनिवारी मी टेम्पो सांगितला.

६

वडपाड्याला पोहोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मैदानावर तंबू, तंबूंच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले फ्रॉक, चुलीवर वरणाचा वास. सरांनी किल्ली हातात धरली होती. शाळेचे म्हातारे शिपाई बारक्या काका पायऱ्यांखाली उभे होते.

"बाय, लवकर आटपा," काका म्हणाले. "सकालपासून खाली घुमतंय."

ठकी धावत आली. "मॅडम, मीपन उचलू? माझा बारा नंबर मी उचलते." ती पायऱ्या चढायलाही लागली होती.

"एकही मुलगी व्हरांड्यात येणार नाही," मी ओरडले. मी मुलींवर कधी ओरडत नाही. तिचा चेहरा पडला.

"मशीन नेताय ना? परत नाय आननार ना?"

"आणीन गं. नाही आणली तर तू ये डहाणूला. माझ्या खोलीत बस आणि टाइप कर, मग तर झालं?"

तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. ज्यांच्या घरचं छप्पर दर दोन दिवसांनी हलतं, त्या मुलींना 'परत आणीन' या शब्दाचं काय वाटणार.

व्हरांड्यात पिवळी रेघ स्वच्छ, रिकामी होती. सरांनी कुलूप काढलं. आणि मी काय केलं? पायातल्या तपकिरी सँडल काढल्या आणि रेघेवर जोडीने ठेवल्या, टोकं दाराकडे. इतक्या दिवसांची भीती एका बाजूला आणि हाडात मुरलेली सवय एका बाजूला. माझ्या ते लक्षातही आलं नाही. सर बूट घालूनच आत आले.

आत कोंदट वास होता, नव्या चुन्याचा आणि बंद जागेचा. सर आणि बारक्या काका एकेक मशीन टेम्पोत नेत होते, मी वायरी सोडवत होते. वायरी सगळ्या टेबलांखालून मागच्या भिंतीकडे जातात. मी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली शिरले. मोबाइलचा टॉर्च दातांत धरला होता. एक प्लग निघेना, म्हणून मी मान वाकडी करून बघितलं.

टेबलांच्या खालून खोलीचं पलीकडचं टोक दिसत होतं. तिकडच्या बाकांखाली पाय होते. लहान, अनवाणी, जमिनीला टेकलेले. एकाशेजारी एक.

"कोण गं?" मी रागाने म्हटलं. टॉर्च दातांत असल्यामुळे शब्द नीट उमटला नाही. "सांगितलं ना आत यायचं नाही? चला, बाहेर."

एक पायसुद्धा हलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्यावर चुन्याची पांढरी धूळ बसली आहे, बोटांवर, नखांवर, जाड. चालत आलेल्या पायांवर वरून धूळ बसत नाही. खूप वेळ न हलता बसलेल्यांवर बसते.

मी टेबलाखालून मागे सरकले आणि उभी राहिले. बाकं रिकामी होती. खिडकीतून ऊन आलं होतं, ते सगळ्या बाकांवर पडलं होतं, तिथे कोणी नव्हतं. टेबलावर शेवटचं मशीन राहिलं होतं, बारा नंबरचं. मी ते छातीशी धरलं आणि दाराकडे वळले.

माझी पाठ वळली, तशी मागे बाकं करकरली, सगळी एकदम. वर्ग उभा राहिला.

मी पळाले. पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. टेम्पोत बसल्यावर तळव्यांना सीटखालची गरम लोखंडी पट्टी लागली, तेव्हा कळलं की मी अनवाणी आहे. बारक्या काकांना म्हटलं, सँडल तेवढ्या आणा. ते गेले आणि रिकाम्या हातांनी आले.

"बाय, तिथं चप्पल नाय," ते म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघून त्यांनी सरांना हाक मारली, "मास्तर, टालं लावा आता."

७

सोमवारी पाहुणे आले. आंब्याखाली गाणं झालं, फोटो झाले, ठकीचं भाषण सुरू झालं. मी डहाणूहून व्हरांडा बघत होते. पिवळ्या रेघेवर चपला तशाच होत्या, आणि रेघेच्या टोकापलीकडे माझ्या तपकिरी सँडल.

भाषण चालू असतानाच चित्र थरथरलं. धुळीचा एक पांढरा ढग दाराच्या फटींमधून व्हरांड्यात आला आणि चौकोन काळा झाला. माझ्या टेबलावरचा पेनस्टँडही हलला. मी फोन लावत राहिले आणि घाईत दोनदा तो आईलाच लागला.

शेवटी सरांनी उचलला. ते धापा टाकत होते. "सगळ्या बाहेर आहेत मॅडम. सगळ्या. मोजल्या मी." मग ते रडायलाच लागले. "कॉम्प्युटर रूमचा स्लॅब पूर्ण खाली आलाय. बाकांवर. बाकं दिसतसुद्धा नाहीत."

मीही रडले, मनसोक्त. त्यानंतर आठवडाभर जीवनभाई भेटेल त्याच्यासमोर 'आमच्या रुचिकाबेनला देवानेच बुद्धी दिली' म्हणत होते. मी नवीन सँडल घेतल्या, काळ्या. आईने नारळ फोडला. मला वाटलं, जे व्हायचं होतं ते टळलं, आणि मी नीट झोपायला लागले.

८

वडपाड्याची मशीन मी माझ्या खोलीत, मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. एकावर एक, छतापर्यंत. नवी शेड होईपर्यंत त्यांना दुसरी जागा नव्हती. त्यांच्यावरचा चुना मी पुसला होता, तरी एसीच्या वाऱ्याने तो कुठून तरी निघायचा आणि टेबलावर बारीक थर बसायचा. मी रोज पुसत होते.

मार्चमध्ये डहाणूला शाळांची टायपिंग स्पर्धा होती. देवजी सर ठकीला घेऊन येणार होते. तिला सरावाला म्हणून मी बारा नंबरचं मशीन टेबलावर काढून ठेवलं, नवा कीबोर्ड जोडला. ते बघितल्यावर ती काय तोंड करेल, हे मनात आणून मला हसू येत होतं. एका वर्गाची अख्खी मशीन परत न देणारी मी, निदान हे एवढं तरी तिला दाखवणार होते.

अकराच्या सुमाराला ते दोघं आले का बघावं म्हणून मी ऑफिसचा कॅमेरा लावला. माझ्या खोलीबाहेरचा पॅसेज त्यात दिसतो. दार बंद होतं. दाराबाहेर पायपुसण्यापाशी माझ्या काळ्या सँडल होत्या, मी सकाळी काढलेल्या.

त्यांच्या शेजारी तपकिरी सँडल होत्या.

त्यांच्या शेजारी रबरी स्लिपर, एक पट्टा निळा, एक लाल. मग फुलांच्या चपला. मग तुटक्या बंदाची सँडल. ओळ पॅसेजच्या कडेने जिन्यापर्यंत गेली होती. सगळ्या जोडीने, सगळ्यांची टोकं माझ्या दाराकडे. सगळ्यांवर चुना.

मी खुर्चीत बसले होते. समोर पडदा, मागे भिंत आणि मशीन. एसी चालू होता. मी मान वळवली नाही. वळवायची नाही, एवढंच मी ठरवू शकले.

पडद्यावर जिन्यातून ठकी वर आली. चांगला फ्रॉक घातला होता, केसांना तेल, दोन वेण्या. मागे देवजी सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. ठकीला पॅसेजमध्ये काहीच दिसत नव्हतं. ती चपलांच्या ओळीतून चालत आली, आणि तिच्या पायांत निळ्या-लाल पट्ट्यांच्या स्लिपर होत्या. दाराशी येऊन ती उभी राहिली, नेमकी तशाच दुसऱ्या जोडाशेजारी.

दारावर टकटक झाली. "मॅडम, आत येऊ?"

आवाज खरा होता. तिने उजवा पाय उचलला आणि टाच चपलेतून सोडवायला लागली.

"ठके, चप्पल काढू नको!" मी ओरडले. "आत येऊ नको. चप्पल पायातच राहू दे."

तिचा पाय तसाच अधांतरी थांबला. "मॅडम?"

"मागे जा. सरांचा हात धर आणि खाली जा, अंगणात. ऑफिसातल्या सगळ्यांना खाली बोलाव. सांग मॅडमनी सांगितलंय. पळ."

"तुमी नाय येत?"

"येते. तू पळ."

ती गोंधळली, तिचे डोळे भरले, पण सरांच्या वर्गात वाढलेली मुलगी ती. सांगितलं ते केलं. पडद्यावर मी तिला सरांचा हात ओढताना बघितलं, सर दाराकडे बघत थिजले, आणि मग तेच तिला ओढत जिन्याने खाली घेऊन गेले. निळा-लाल जोड तिच्या पायांत होता. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. पॅसेज रिकामा झाला, ओळ तेवढी राहिली.

मग मी उठले. टेबलाला हात टेकून, हळूच, दाराकडे जायला.

माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे, बाक एकही नाही. तरी मागे बाकं करकरली, सगळी एकदम, फरशीवर. कुणी काही बोललं नाही. मानेवर गार, चुन्याचा वास असलेला श्वास आला, आणि मला कळलं की त्या दिवशी मी पळाले तेव्हापासून त्या उभ्याच आहेत.

दार चार पावलांवर होतं. पायाखालून, फार खोलातून, घोगरा आवाज यायला लागला होता.

मी वळले नाही. तोंडातून सवयीने निघालं, "बसा."

आणि मागे सगळ्या बसल्या.